पार्किन्सन विकारातील घरगुती मेंदू-उद्दीपन

पार्किन्सन विकारातील घरगुती मेंदू-उद्दीपन म्हणजे कवटी न उघडता, डोक्याच्या त्वचेवरून अतिशय सौम्य विद्युतप्रवाह सोडून मेंदूच्या ठरावीक भागाची क्रियाशीलता बदलण्याचा उपचारप्रयोग होय. तो रुग्णाच्या राहत्या घरी, परंतु प्रशिक्षित व्यक्तीच्या दूरस्थ देखरेखीखाली केला जातो. त्यासाठी प्रामुख्याने कवटीपार दिष्ट विद्युत-उद्दीपन (संक्षेपाने टीडीसीएस) ही पद्धत वापरतात. ही पद्धत अद्याप संशोधनाच्या अवस्थेत असून पार्किन्सनच्या प्रस्थापित उपचारांत तिची गणना होत नाही. अहिल्यानगर (पूर्वीचे नाव अहमदनगर) यांसारख्या विस्तीर्ण व बहुतांशी ग्रामीण जिल्ह्यांतील रुग्णांना मोठ्या शहरातील रुग्णालय गाठणे कठीण जाते. त्यामुळे ‘घरी होऊ शकणारा उपचार’ या कल्पनेचे तेथे विशेष आकर्षण असणे स्वाभाविक आहे.

पार्श्वभूमी

इंग्लंडमधील वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये सहा रुग्णांच्या निरीक्षणांवर आधारित निबंध लिहून या विकाराचे वर्णन केले. पुढे फ्रेंच मज्जाविकारतज्ज्ञ शार्को यांनी विकाराला त्यांचे नाव दिले. मध्यमेंदूतील सबस्टॅन्शिया नायग्रा या भागातील पेशी क्रमाक्रमाने नष्ट होतात व त्यांच्यापासून मिळणारे डोपामिन हे रसायन कमी पडू लागते. हालचाली मंदावणे, स्नायू ताठरणे, हातपाय कापणे, तोल जाणे ही त्याची ठळक लक्षणे होत. मराठीत या विकारास ‘कंपवात’ म्हणण्याचा प्रघात आहे. हा शब्द अर्थवाही असला तरी काहीसा दिशाभूल करणारा आहे, कारण अनेक रुग्णांना कंप मुळीच नसतो. अशा रुग्णांचे निदान ‘वयोमानाने आलेला मंदपणा’ समजून लांबणीवर पडते.

१९६० च्या दशकात प्रचारात आलेले लेव्होडोपा हे आजही सर्वांत प्रभावी औषध आहे. मात्र काही वर्षांनंतर त्याचा परिणाम पुढील गोळीची वेळ येण्यापूर्वीच ओसरू लागतो. शिवाय खिन्नता, थकवा, विचारांची मंदगती, चालता चालता पाय जमिनीला खिळल्यासारखे होणे या तक्रारींवर ते पुरेसे पडत नाही. मेंदू-उद्दीपनाचे प्रयोग मुख्यतः औषधाने न भरलेल्या या उणिवांसाठी सुरू झाले.

उद्दीपनाचे प्रकार

विजेने मेंदूवर उपचार करण्याच्या तीन पद्धतींची बोलताना नेहमी गल्लत होते. पहिली, खोल मेंदू-उद्दीपन, ही शस्त्रक्रिया आहे. ग्रनोब्ल येथील शल्यविशारद बेनाबिद यांनी १९८७ मध्ये तिचा आधुनिक पाया घातला. तीत मेंदूच्या आत तारा बसवून छातीच्या त्वचेखालील यंत्राशी जोडतात. निवडक रुग्णांत तिची उपयुक्तता सिद्ध झाली असून ती भारतातही, मुंबईसह अनेक शहरांत, केली जाते.

दुसरी पद्धत चुंबकीय उद्दीपनाची. शेफील्ड येथे अँथनी बार्कर व सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये ती दाखवून दिली. डोक्यावर धरलेल्या वेटोळ्यातून प्रबळ चुंबकीय स्पंदने सोडून मेंदूच्या पृष्ठभागात प्रवाह निर्माण केला जातो. पार्किन्सनमधील हालचाली व खिन्नता यांबाबत तिच्या बाजूचा पुरावा टीडीसीएसपेक्षा अधिक भक्कम आहे. परंतु यंत्र अवजड व महाग असल्याने ती सहसा रुग्णालयातच दिली जाते.

तिसरी पद्धत टीडीसीएसची. जर्मनीतील ग्योटिंगेन येथे निट्शे व पाउलुस यांनी २००० मध्ये दाखविले की, डोक्यावरून दिलेल्या क्षीण दिष्ट प्रवाहाने मेंदूच्या हालचाल-नियंत्रक भागाची उत्तेजनक्षमता वाढवता अथवा घटवता येते. यंत्र हातात मावेल एवढे असते, विजेरीवर चालते व त्याला घरातील वीजजोडणीची गरज नसते. घरगुती उपचाराचा विचार या पद्धतीभोवती फिरतो तो यामुळेच.

कार्यपद्धती

मिठाच्या सौम्य द्रावणात भिजवलेल्या स्पंजांच्या वेष्टनात दोन विद्युतअग्रे ठेवून ती पट्ट्याने डोक्यावर बसवतात. धनाग्राखालील चेतापेशी सामान्यतः अधिक उत्तेजनक्षम होतात, तर ऋणाग्राखालील कमी. प्रवाह साधारणतः १ ते २ मिलिअँपिअर व कालावधी २० ते ३० मिनिटे असतो. एवढ्या प्रवाहाने चेतापेशी आपणहून संदेश पाठवू लागत नाही. तिचा उंबरठा तेवढा थोडा सरकतो. म्हणूनच उद्दीपनाच्या जोडीला व्यायाम, चालण्याचा सराव अथवा स्मृतीची कोडी देण्याची प्रथा आहे. चुंबकीय उद्दीपनासारखा ठोका येथे बसत नाही, केवळ त्वचेला मुंग्या येतात.

एका बैठकीचा परिणाम तास-दीड तासात विरतो. टिकाऊ फरकाची अपेक्षा असेल तर दहा, वीस किंवा त्याहून अधिक बैठका, त्याही बहुधा रोजच्या रोज, घ्याव्या लागतात. ज्याला उंबरठा ओलांडताना पाय उचलता येत नाही, अशा माणसाला वीस मिनिटांच्या उपचारासाठी रोज शहरात नेणे अव्यवहार्य ठरते. घरगुती पद्धतीचे खरे कारण येथे आहे. सोय हा तिचा गौण भाग होय.

दूरस्थ देखरेख

न्यूयॉर्क विद्यापीठातील ली चार्वेट व सहकाऱ्यांनी मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांसाठी दूरस्थ देखरेखीची पद्धत आखली आणि २०१८ मध्ये तीच पार्किन्सनच्या रुग्णांवर वापरल्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. विद्युतअग्रांच्या जागा पट्ट्यावरच निश्चित केलेल्या असतात, त्यामुळे मोजमापाची चूक टळते. प्रत्येक बैठकीपूर्वी देखरेख करणारी व्यक्ती दूरचित्र-संभाषणातून पट्टा नीट बसला आहे का ते पाहते, तब्येतीची विचारपूस करते व मगच एका वेळेपुरता संकेतांक देते. त्या अंकाशिवाय यंत्र सुरू होत नाही. स्पंज सुकल्याने किंवा सरकल्याने संपर्क बिघडल्यास बैठक थांबवली जाते.

विकारामुळे हात थरथरत असल्यास पट्टा स्वतः बांधणे जमत नाही. घरातील पत्नी, पती, सून अथवा मुलगा यांनाच हे काम शिकावे लागते. आपल्याकडे डोक्याला तेल लावण्याची सवय सार्वत्रिक आहे. तेलाचा थर प्रवाहाला अडथळा करतो, म्हणून केस व त्वचा आधी स्वच्छ करून कोरडी करणे आवश्यक असते. स्पंज साध्या पाण्यात भिजवल्यास प्रवाह नीट वाहत नाही व त्वचेची जळजळ वाढते. औषधाचा परिणाम चालू असतानाच बैठक घ्यायची की नाही, हेही आधी ठरवून रोज तेच पाळावे लागते.

परिणामकारकता

घरी ही पद्धत सुरक्षितपणे पार पाडता येते, हे छोट्या अभ्यासांतून पुरेसे स्पष्ट झाले आहे. तिचा उपयोग किती होतो, हा प्रश्न मात्र वेगळा. उपरोक्त अभ्यासात थकवा कमी झाल्याचे व विचारांचा वेग सुधारल्याचे आढळले. परंतु तो लहान होता व त्यात तुलनेसाठी नियंत्रण गट नव्हता. २०१६ मधील कॉक्रेन समीक्षेने पार्किन्सनमधील टीडीसीएसबाबत उपलब्ध पुरावा निष्कर्षास अपुरा ठरविला.

या विकारात नियंत्रण गटाचे महत्त्व नेहमीपेक्षा अधिक आहे. व्हँकुव्हर येथील संशोधकांनी २००१ मध्ये दाखविले की, निष्क्रिय औषध दिलेल्या पार्किन्सनच्या रुग्णांच्या मेंदूतही केवळ अपेक्षेपोटी डोपामिन स्रवते. अर्थात रुग्णाला वाटलेली सुधारणा खोटी नसते, पण ती यंत्राचीच असेल असे नाही. हे पारखण्यासाठी ‘भासमान उद्दीपन’ देतात: सुरुवातीची काही सेकंद प्रवाह सोडून मुंग्यांची जाणीव होताच तो बंद केला जातो. अशा तुलनेविना सांगितलेल्या अनुभवकथांवरून, त्या कितीही प्रामाणिक असल्या तरी, निष्कर्ष काढता येत नाही. नियमित व्यायाम व फिजिओथेरपी यांच्या बाजूचा पुरावा सध्या टीडीसीएसपेक्षा बराच अधिक आहे.

धोके व पथ्ये

खाज, मुंग्या, त्वचा लाल होणे, सौम्य डोकेदुखी हे नेहमीचे दुष्परिणाम होत. स्पंज सुकलेले असल्यास क्वचित भाजल्याच्या जखमाही होतात. डोक्यात धातूचे रोपण असलेल्या, खोल मेंदू-उद्दीपनाची शस्त्रक्रिया झालेल्या किंवा हृदयाचा पेसमेकर बसवलेल्या व्यक्तींना हे उद्दीपन सहसा देत नाहीत. अपस्माराचा इतिहास असल्यास तज्ज्ञाचा निर्णय आवश्यक असतो. डोक्याच्या त्वचेवर जखम असताना बैठक घेत नाहीत.

सर्वांत गंभीर धोका यंत्राचा नसून त्याच्या भरवशावर औषध सोडण्याचा आहे. लेव्होडोपा एकाएकी बंद केल्यास तीव्र ताठरपणा, ज्वर व शुद्ध हरपणे अशी जीवघेणी अवस्था उद्भवू शकते. ऑनलाइन मिळणारी, देखरेखीविना वापरायची यंत्रे विकत घेऊन औषधाचा खर्च वाचवण्याचा विचार म्हणूनच घातक ठरतो. लेव्होडोपा व कार्बिडोपा यांचे संयुक्त औषध भारताच्या राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहे.

अहिल्यानगर जिल्हा आणि महाराष्ट्र

अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने (१७,०४८ चौ. किमी) राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा असून २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या ४५,४३,१५९ होती, पैकी सुमारे ८० टक्के ग्रामीण. अकोले तालुक्याच्या डोंगराळ पट्ट्यापासून पूर्वेकडील जामखेडपर्यंत पसरलेल्या या प्रदेशातून विशेष उपचारांसाठी पुण्याची वाट धरणारे अनेक असतात. जिल्ह्याच्या मुख्य शहरापासूनच पुणे सुमारे १२० किमी आहे.

याच जिल्ह्यात जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्यासाठी दोघांना १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गावातील अल्पशिक्षित, प्रसंगी निरक्षर स्त्रियांना प्रशिक्षण देऊन त्यांच्या हाती गावाचे प्राथमिक आरोग्य सोपवणे हा त्याचा गाभा. हा प्रकल्प मेंदू-उद्दीपनाचा नव्हे; तथापि घरगुती उपचारात ‘हे खेड्यातल्या माणसाला कसे जमणार’ हा आक्षेप येतो तेव्हा जामखेडचा दाखला विचारात घ्यावा लागतो. नेमके शिकवणारे व नियमित तपासणारे कोणी असेल तर कौशल्य पदवीवर अवलंबून राहत नाही. उणीव असते ती बहुधा या देखरेखीची आणि अखंड इंटरनेट जोडणीची.

रुग्ण व कुटुंबीयांना आधार देण्याचे काम राज्यात पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळ आणि मुंबईत २००१ मध्ये स्थापन झालेली पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी या संस्था करतात. सभा, व्यायाम व परस्पर-अनुभवकथन यांवर त्यांचा भर आहे.

नियमन

भारतात वैद्यकीय उपकरणांचे नियमन ‘वैद्यकीय उपकरणे नियम, २०१७’ अन्वये होते. बेंगळुरू येथील निम्हान्स या संस्थेत टीडीसीएसवर संशोधन झाले असून त्याचा रोख प्रामुख्याने स्किझोफ्रेनियासारख्या मनोविकारांवर राहिला आहे. डॉक्टरांनी दूरसंपर्काद्वारे सल्ला देण्यासंबंधीची मार्गदर्शक तत्त्वे केंद्र सरकारने मार्च २०२० मध्ये जारी केली. त्यामुळे घरी असलेल्या रुग्णाला दुरून सल्ला देण्यास स्पष्ट चौकट मिळाली; उद्दीपनाच्या घरगुती बैठकांसाठी मात्र त्यांत स्वतंत्र तरतूद नाही.