रोजचा अर्धा तास : शिल्पकार बार्बरा हेपवर्थ

गेल्या वर्षी आपल्या मंडळाच्या वाचनवर्गात एका भगिनीने एक छायाचित्र दाखविले. तिचा भाचा न्यूयॉर्कला गेला असता संयुक्त राष्ट्रसंघाच्या कचेरीसमोर त्याने ते घेतले होते. मागे काचेची उंचच उंच इमारत, पुढे पाण्याचे गोल कुंड, आणि तेथे ढालीसारखा एक प्रचंड धातूचा पाट उभा. त्याच्या वरच्या अंगाला आरपार गोल भोक. चित्र हातोहात फिरले. "हे आहे तरी काय?" असे जो तो विचारू लागला. आपल्या एक वयोवृद्ध सभासद म्हणाल्या, "मला तर बाई जात्याची तळी उभी करून ठेवल्यासारखी दिसते!" आणि आम्ही सर्वजणी मनमोकळ्या हसलो.

पण चित्राखालचा मजकूर वाचला, तेव्हा हसू थांबले. हे शिल्प एका बाईने घडविलेले होते, आणि ती बाई चार मुलांची आई होती. सहा मीटरांहून उंच असे हे धूड एका गृहिणीच्या हातून कसे उभे राहिले असेल, हा प्रश्न काही केल्या माझ्या मनातून जाईना. म्हणून मिळेल ते वाचले. त्यातले जे मला मोलाचे वाटले ते या स्मरणिकेच्या निमित्ताने भगिनींपुढे ठेवीत आहे.

बार्बरा हेपवर्थ हिचा जन्म 10 जानेवारी 1903 रोजी इंग्लंडमधील यॉर्कशर परगण्यात वेकफील्ड या गावी झाला. वडील परगण्याचे अभियंते. रस्ते आणि पूल पाहण्यासाठी ते मोटारीने हिंडत, आणि धाकट्या बार्बराला बरोबर घेत. टेकड्यांच्या अंगावरून वळणे घेत जाणारा रस्ता, मध्येच उघडणारी दरी, यांकडे ती पोर टक लावून पाही. जमीन हीच एक मोठी मूर्ती आहे आणि आपण तिच्या अंगाखांद्यावरून जात आहोत, असे तिला वाटे. ही लहानपणीची आठवण पुढे जन्मभर तिला पुरली.

1920 साली ती लीड्सच्या कलाशाळेत दाखल झाली. पुढे जगप्रसिद्ध झालेला शिल्पकार हेन्री मूर तेथे तिचा सहाध्यायी होता. दुसऱ्याच वर्षी दोघेही लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये गेले. 1924 मध्ये तिला इटलीला जाण्यासाठी शिष्यवृत्ती मिळाली. तेथे जॉन स्कीपिंग या शिल्पकाराशी तिचा विवाह झाला, आणि रोममध्ये एका मुरब्बी कारागिराच्या हाताखाली तिने संगमरवर कोरण्याची विद्या घेतली. त्या काळी बहुतेक शिल्पकार मातीचा नमुना करून देत आणि दगड फोडण्याचे काम दुसरे कारागीर करीत. हेपवर्थबाईंना ते पटेना. दगडावर आपणच छिन्नी चालवायची, म्हणजे दगडही आपल्याला काही सांगतो, अशी त्यांची श्रद्धा होती.

1929 साली पहिला मुलगा पॉल झाला. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच त्यांनी गुलाबी रंगाच्या एका मऊ दगडात आरपार भोक पाडले. आज ही गोष्ट साधी वाटेल. पण शिल्प म्हणजे भरीव वस्तू अशी तोवरची समजूत होती. त्यांनी पोकळीलाही आकार मानला. ते मूळ शिल्प पुढे महायुद्धात नष्ट झाले, पण ती पोकळी मात्र त्यांच्या कामातून कधी गेली नाही.

येथे 'अमूर्त' या शब्दाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण आपले घोडे तेथेच अडते. उंबऱ्यापुढे आपण ठिपक्यांची रांगोळी काढतो. ती कशाचे चित्र आहे असे कोणी विचारीत नाही. तिचा तोल डोळ्यांना पुरतो. गावदेवीच्या तांदळ्याला नाक-डोळे नसतात, म्हणून आपला हात जोडायचा राहतो का? अमूर्त शिल्पाकडे त्याच नजरेने पाहिले की निम्मे कोडे सुटते.

स्कीपिंग यांच्याशी त्यांचे पटले नाही. पुढे चित्रकार बेन निकल्सन यांच्याशी त्यांचा सहवास जुळला, आणि 3 ऑक्टोबर 1934 रोजी त्यांना तिळे झाले : एक मुलगा आणि दोन मुली. आधीचा पाच वर्षांचा पॉल, पैशाची चणचण, आणि त्यात एकदम तीन तान्ही बाळे! आपल्यापैकी ज्यांनी जुळी वाढविली आहेत त्यांनाच याची कल्पना येईल. तिघांचे संगोपन काही काळ जवळच्या एका बालसंगोपन शिक्षणसंस्थेवर सोपवून बाई काही आठवड्यांतच पुन्हा कामाला लागल्या.

ही गोष्ट मी झाकून ठेवू इच्छीत नाही. पुष्कळजणी म्हणतील, "काय ही आई! लेकरे परक्यांच्या हाती देऊन दगड फोडीत बसली." मलाही प्रथम तसेच वाटले. मग मनात आले, त्याच घरात बेन निकल्सनही रोज चित्रे काढीत होते. त्यांना हा प्रश्न आपण विचारला असता का? उत्तर प्रत्येकीने आपल्याशी द्यावे. एवढे मात्र खरे की ती तीन बाळे त्यांच्या कामातून दूर राहिली नाहीत. बाळंतपणानंतर आपले काम बदलले, माणसाच्या आकृतीचा उरलासुरला माग त्यातून नाहीसा झाला, असे त्यांनी स्वतःच नमूद केले आहे. 1935 सालचे त्यांचे एक पांढऱ्या संगमरवराचे शिल्प आहे. एका पाटावर तीन गुळगुळीत आकार, प्रत्येक निराळा, पण एकमेकांपासून नेमक्या अंतरावर. नाव इतकेच, 'तीन आकार'.

1938 साली दोघांचा विवाह झाला. ऑगस्ट 1939 मध्ये, युद्ध तोंडावर आले असता, हे कुटुंब लंडन सोडून कॉर्नवॉलच्या समुद्रकाठी सेंट आइव्ह्‌स येथे गेले. तेथली पहिली तीन-चार वर्षे बाईंना कोरीव काम करावयास ना जागा मिळाली ना वेळ. दिवसा त्यांनी लहान मुलांची शाळा चालविली, भाजीपाला पिकविला, घरचा स्वयंपाक केला. रात्री मुले निजली की त्या कागद-पेन्सिल घेऊन रेखाचित्रे काढीत. दगड नाही तर नाही. पण हात मोकळा ठेवावयाचा नाही.

पुढे याविषयी त्यांनी जे लिहून ठेवले आहे त्याचा आशय असा : स्वयंपाकपाणी आणि मुलेबाळे यांनी स्त्री कलावंताचे काही हिरावले जात नाही, उलट त्या भरल्या जीवनाने तिचे पोषणच होते. मात्र एक अट आहे. रोज थोडे तरी काम झाले पाहिजे, मग तो अर्धाच तास का असेना. म्हणजे मनातल्या प्रतिमा वाढत राहतात. भगिनींनो, हे विरजणासारखे आहे. रोज कवडीभर राखून ठेवले तर दही लागत राहते. एक दिवस भांडे स्वच्छ धुऊन ठेवले की दुसऱ्याच्या दारी मागावयास जावे लागते.

मुलींपैकी एकीला हाडाचा गंभीर आजार झाला. त्या निमित्ताने एका शल्यविशारदाशी ओळख झाली, आणि त्याने बाईंना शस्त्रक्रिया पाहावयास बोलाविले. 1947 ते 1949 या काळात शस्त्रक्रियेच्या दालनात उभे राहून पाहिलेल्या दृश्यांची त्यांनी अनेक चित्रे केली. टोप्या-मुखपट्ट्यांमधून दिसणारे डोळे, आणि एकाच कामात गुंतलेले पुष्कळ हात. मुलीच्या दुखण्यातून आईने हेही वेचून घेतले.

1949 मध्ये त्यांनी सेंट आइव्ह्‌स येथे ट्रेविन नावाची बागेसहित कार्यशाळा विकत घेतली. 1951 मध्ये निकल्सन यांच्याशी घटस्फोट झाला. फेब्रुवारी 1953 मध्ये हवाई दलात असलेला थोरला पॉल थायलंडमध्ये विमान अपघातात गेला. वय अवघे तेवीस. अमूर्ताखेरीज दुसरी भाषा न बोलणाऱ्या या बाईने त्या वेळी गावच्या चर्चसाठी आई आणि मूल यांची साधी, ओळखू येणारी मूर्ती दगडात कोरली. ती आजही तेथे आहे. दुःख किती मोठे होते हे तीच सांगते.

वयाची पन्नाशी उलटल्यावर, 1956 पासून, हेपवर्थबाई धातूकडे वळल्या. जिने जन्मभर दगड-लाकूड कोरण्याचा आग्रह धरला तिला धातू का हवासा वाटला? कारण सरळ आहे. दगडाला फार पातळ करता येत नाही, त्याला लांब पंख फुटत नाहीत, आणि लाकूड उघड्यावर ऊनपावसात टिकत नाही. कांसे मात्र हवे तसे वळते आणि शतकानुशतके राहते. आपल्या घरी तळपाय घासावयाची जी काशाची वाटी असते, तीही तांबे आणि कथील यांच्या त्याच मिश्रणाची.

पण हातातली छिन्नी त्यांनी सोडली नाही. ॲल्युमिनियमच्या जाळीचा सांगाडा उभारून त्यावर त्या प्लास्टर चढवीत. ते घट्ट वाळले की दगडासारखे कोरीत, तासीत, घासीत. मग ते ओतशाळेत जाई. तेथे त्याचा साचा घेऊन वितळलेला धातू ओतीत, जसा आपल्याकडचा ओतारी ओततो. परत आलेल्या शिल्पाच्या अंगावर रसायनांनी हिरवी-तपकिरी झाक आणीत. आपण पितळेवरचा हिरवा थर चिंचेने घासून काढतो. त्या तो मुद्दाम चढवीत!

आता कामे मोठी होऊ लागली. 1959 साली ब्राझीलमधील साओ पाउलोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांना सर्वोच्च पारितोषिक मिळाले. 1960 मध्ये लंडनच्या एका सरकारी कचेरीपुढे साडेचार मीटर उंचीचे 'मेरिडियन' हे कांस्यशिल्प उभे राहिले. 1961 मध्ये त्यांनी ट्रेविनसमोरचे जुने सिनेमागृह आणि नृत्यगृह विकत घेतले, कारण शिल्पे छपराला टेकू लागली होती. लंडनच्या ऑक्सफर्ड रस्त्यावर एका मोठ्या दुकानाने भिंतीसाठी शिल्प मागविले. बाईंचा पहिला आराखडा दुकानाने नाकारला. तेव्हा त्या साठीला टेकल्या होत्या आणि कीर्ती चोहीकडे होती. पण रुसून न बसता त्यांनी दुसरा दिला. तोच 1963 मध्ये उभा राहिलेला 'पंख असलेली आकृती'. ॲल्युमिनियमचे दोन असमान पंख, मध्ये सतारीच्या तारांसारख्या ताणलेल्या सळया, उंची 5.8 मीटर.

आणि आता आपल्या छायाचित्राकडे येऊ. राष्ट्रसंघाचे सरचिटणीस डाग हामारशोल्ड हे बाईंचे स्नेही आणि त्यांच्या कलेचे चाहते होते. त्यांच्या संग्रहात बाईंचे चंदनात कोरलेले एक लहान शिल्प होते. नाव 'एक आकार'. आफ्रिकेतील काँगोचा तंटा मिटविण्यासाठी जात असता 18 सप्टेंबर 1961 रोजी त्यांचे विमान कोसळले आणि ते मरण पावले. मुलगा विमानात गमावलेल्या बाईंना ती वार्ता कशी लागली असेल, हे आईला सांगावयास नको. त्यांनी चंदनाच्या त्या शिल्पाचेच नाव घेऊन लाकडात, मग कांशात, तोच आकार वाढवीत नेला. अखेर 6.4 मीटर उंचीचा 'एक आकार' भागाभागांनी ओतून, जोडून न्यूयॉर्कला गेला. 11 जून 1964 रोजी त्याचे अनावरण झाले. वरचे ते भोक पाहणाऱ्याला पलीकडचे आकाश दाखविते.

1965 मध्ये ब्रिटनने त्यांना 'डेम' हा किताब दिला. त्याच वर्षी लंडनच्या टेट कलासंग्रहालयाच्या विश्वस्त मंडळावर त्या गेल्या. त्या मंडळावरील पहिली स्त्री त्याच. शेवटच्या वर्षांत कर्करोगाने गाठले, चालणे कठीण झाले, तरी काम थांबले नाही. 20 मे 1975 रोजी ट्रेविनमध्येच लागलेल्या आगीत त्यांचा अंत झाला. त्यांच्या इच्छेप्रमाणे 1976 मध्ये ती वास्तू संग्रहालय म्हणून खुली झाली. बागेतली शिल्पे त्यांनी मांडली तशीच झाडांमध्ये उभी आहेत. 2011 मध्ये वेकफील्डलाही त्यांच्या नावाचे कलासंग्रहालय निघाले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात लंडनच्या एका बागेतून त्यांचे एक मोठे कांस्यशिल्प चोरीला गेले, बहुधा भंगाराच्या भावासाठी. कोणाला कशात काय दिसेल याचा नेम नाही!

हे सारे वाचून झाल्यावर मी त्या छायाचित्राकडे पुन्हा पाहिले. आमच्या सभासद बाईंनी जात्याची तळी म्हटले ते मला आता चुकीचे वाटत नाही. जात्याचे सारे काम त्या भोकातून चालते. तेथून दाणे पडतात म्हणून पीठ मिळते. रोज मूठभर दाणे वैरले पाहिजेत, एवढेच.

माझी माहेरची पेटी वीस वर्षे माळ्यावर होती. मुले मोठी झाली की काढीन, सासूबाईंचे दुखणे संपले की काढीन, असे म्हणता म्हणता केस पांढरे झाले. गेल्या श्रावणात ती खाली काढली. भाता फाटला होता, दोन स्वर बोलत नव्हते. दुरुस्त करून आणली आहे. दुपारी जेवणे आवरल्यावर अर्धा तास बसते. बोटे अजून अडखळतात. शेजारच्या भगिनींना त्रास होत असल्यास त्यांनी क्षमा करावी; आणि त्यांच्याही माळ्यावर काही असेल, तर एकदा शिडी लावून पाहावे.