‘पूर्वीचं बेळगाव’ नेमकं कोणत्या सालचं?

दर गणपतीला आमच्याकडे पुण्या-मुंबईचे पाहुणे येतात. गणपत गल्ली, खडेबाजार, कॅम्प अशी फेरी झाली की चहाचा कप हातात घेऊन एक वाक्य ठरलेलं: “आता पूर्वीचं बेळगाव राहिलं नाही.” घरातले सगळे माना डोलावतात. मी इतकी वर्षं डोलावली. आता डोलावणार नाही.

त्यांचं म्हणणं आधी नीट मांडतो. पूर्वी घरात पंखा लागत नसे, इतकी हवा थंड. टिळकवाडीत कौलारू बंगले, परसात फणस. बाजारात कानावर मराठी. मग १९५६ साली गाव म्हैसूर राज्यात गेलं आणि तिथून सगळं बिघडत आलं. हे दुःख खोटं आहे असं मी म्हणत नाही. त्यातून काढलेला निष्कर्ष खोटा आहे.

पहिला प्रश्न सालाचा. ‘पूर्वीचं’ म्हणजे कधीचं? रेल्वे येण्याआधी बेळगावचं बंदर होतं वेंगुर्ले. माल घाटातून बैलगाड्यांनी चढायचा. १८८० च्या दशकात रूळ आले, व्यापाराची तोंडं फिरली आणि वेंगुर्ल्याच्या वाटेवर जगणाऱ्यांचं बेळगाव तेव्हाच संपलं. ज्या टिळकवाडीसाठी आमचे पाहुणे हळहळतात, तिथे १९२४ च्या डिसेंबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखालच्या काँग्रेस अधिवेशनासाठी मोकळ्या रानात तंबू ठोकले होते आणि पाण्यासाठी विहीर खणली होती. विहीर आजही आहे, रान गेलं. शहापूर तर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होतं. चार पावलं टाकली की राजा बदलायचा. आज ज्याला आपण एकसंध जुनं गाव समजतो, ते असं होतं.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये इथे सायकलचं दुकान काढलं, पुढे नांगर केले. गाव वाढवायचं म्हणून त्यांना जागा सोडावी लागली आणि १९१० मध्ये औंध संस्थानातल्या कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. बेळगावने गमावलेल्यात याहून मोठं काही मला तरी सांगता येत नाही. पण त्यासाठी कुणी उसासा टाकल्याचं ऐकलं नाही, कारण ते आठवणारं कुणी उरलं नाही. आता नाव तेवढं रस्त्याला आहे.

दुसरा मुद्दा सीमेचा. इथे मला सावधपणे लिहायला हवं. १९४६ चं साहित्य संमेलन याच गावात ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली भरलं आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव इथूनच निघाला. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. मराठी परिपत्रकासाठी कचेरीत हेलपाटे मीही घातलेत; एक नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत मीही चालतो. ती तक्रार खरी आहे. पण वाडे पडले ते सीमेमुळे नव्हे. कोल्हापूर-सांगली महाराष्ट्रातच आहेत ना? तिथले वाडे कुठे उभे राहिले?

आमच्या गल्लीतला एक वाडा डोळ्यांसमोर गेला, त्याची गोष्ट सांगतो. सात हिस्सेदार. पाच पुण्या-मुंबईत, एक अमेरिकेत, एक इथे, ज्याला विकायचा नव्हता. एका सोमवारी सहाही जण (अमेरिकेचं मुखत्यारपत्र धरून) रजिस्ट्रार कचेरीत हजर. दुपारी अंगठे, सह्या, फोटो उरकले. संध्याकाळी सगळ्यांच्या हातात कुंद्याची खोकी. पुढच्या वर्षी त्यांतलेच एकजण गल्लीच्या तोंडाशी उभे राहून मला म्हणाले, “काय होती रे आपली गल्ली!”

आमच्यासारखाच सीमेवरचा निपाणीकर असा गळा काढत नाही, हे जाता जाता नोंदवतो. तंबाखूच्या वखारी, १९८१ चं शेतकऱ्यांचं आंदोलन, चौपदरी झालेला महामार्ग, सगळं त्या गावाने अंगावर घेतलं. त्यांच्या पोरांचं देवचंद कॉलेज गावाला लागून अर्जुननगरला, म्हणजे महाराष्ट्रात. रोज सीमा ओलांडून शिकणाऱ्याला सीमेवर कविता सुचत नसावी.

राहिली भाषा. दुकानात कन्नड ऐकलं की पाहुण्यांचा चेहरा पडतो. पण बेळगावची मराठी सोवळी कधी होती? “काय करूलालास?” हे वाक्य कन्नडच्या शेजारावाचून घडलं असतं का? आम्ही ‘पण’च्या जागी ‘खरं’ म्हणतो: “आलो असतो, खरं वेळ नव्हता.” पु. ल. इथल्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात शिकवायला होते. त्यांचे रावसाहेब याच सरमिसळ बोलीमुळे महाराष्ट्रभर लाडके झाले. आणि आमच्या पाहुण्यांनी? पुण्याला गेल्यावर पहिल्याच वर्षी हे ‘खरं’ जिभेवरून खरवडून टाकलं. इथल्या मराठी शाळांचे वर्ग ओस पडले, त्यातही आमचाच हात आहे. पोरांना इंग्रजी माध्यमात घालताना आम्हाला कुठल्या सरकारने अडवलं नव्हतं, भाग पाडलंही नव्हतं.

खरी हानी कुठे झाली ती पाहुण्यांना दिसतच नाही, कारण ती बाजारपेठेत नाही. ती शहापूर, वडगाव, यळ्ळूरच्या शिवारात आहे. बेळगाव बासमती पिकवणाऱ्या त्या काळ्या जमिनीवर प्लॉट पडतायत, पावसाळ्यात बळ्ळारी नाल्याचं पाणी उभ्या भातात शिरतंय आणि हलगा-मच्छे बायपासविरुद्ध शेतकरी वर्षानुवर्षं झगडतायत. पुण्याहून त्यांच्यासाठी कुणी आल्याचं मी पाहिलं नाही.

तेव्हा पाहुण्यांनो, एकदा गणपती सोडून दसऱ्याच्या सुमारास या, भात फुलोऱ्यावर असताना. स्टेशनवरून कुंद्याच्या दुकानाकडे न वळता वडगावातून यळ्ळूरचा रस्ता धरा. गाडीची काच खाली करा. वास येईल एवढी शेतं अजून शिल्लक आहेत.