एलिझाबेथकालीन कॅथलिक विरोध

इंग्लंडची राणी पहिली एलिझाबेथ (कार. १५५८–१६०३) हिच्या प्रॉटेस्टंट धर्मव्यवस्थेस कॅथलिकांनी केलेला विरोध. १५५९ च्या कायद्यांनी राणीस चर्चची सर्वोच्च प्रशासक ठरविले, इंग्रजी प्रार्थनाग्रंथ सक्तीचा केला आणि रविवारी चर्चमध्ये न येणाऱ्यास १२ पेन्स दंड ठेवला. जवळजवळ सर्व बिशपांनी शपथ नाकारून पदे गमावली. सामान्य कॅथलिकांपैकी पुष्कळजण मात्र चर्चमध्ये हजेरी लावीत व घरी जुना धर्म पाळीत. ही तडजोड सुमारे दहा वर्षे टिकली.

१५६८ मध्ये स्कॉटलंडची पदच्युत कॅथलिक राणी मेरी स्ट्यूअर्ट इंग्लंडच्या आश्रयास आली. इंग्लंडच्या गादीवर तिचा वारसाहक्क असल्याने ती असंतुष्टांचे आशास्थान बनली. नोव्हेंबर १५६९ मध्ये नॉर्थंबरलंड व वेस्टमोरलंड येथील अर्लांनी उत्तरेत बंड केले. बंडखोरांनी डरॅमच्या कॅथीड्रलमध्ये शिरून इंग्रजी बायबल व प्रार्थनाग्रंथ फाडले आणि लॅटिन मिस्सा साजरी केली. सरदारांना दरबारातील अवहेलनेचे शल्य होते. त्यांच्या अनुयायांना जुन्या धर्माची हाक अधिक जवळची वाटली असावी. बंड लवकरच मोडले व शेकडो सामान्य लोक फासावर गेले.

त्यानंतर, २५ फेब्रुवारी १५७० रोजी, पोप पाचवा पायस याने ‘रेग्नान्स इन एक्सेल्सिस’ या आज्ञापत्राने एलिझाबेथला पाखंडी म्हणून बहिष्कृत केले व प्रजेस राजनिष्ठेच्या शपथेतून मुक्त केले. बंडखोरांना याचा काहीच उपयोग नव्हता. कोंडी झाली ती बंडापासून दूर राहिलेल्यांची. राणीची आज्ञा पाळावी तर पोपची अवज्ञा व पोपची पाळावी तर राजद्रोह, असा हा पेच होता. लंडनच्या बिशपच्या वाड्याच्या दारावर हे आज्ञापत्र लावणाऱ्या जॉन फेल्टनला त्याच वर्षी देहदंड झाला. १५७१ मध्ये राणीस पाखंडी म्हणणे हा राजद्रोह ठरला. १५८० मध्ये पोप तेरावा ग्रेगरी याने सद्यःस्थितीत राणीची आज्ञा पाळण्याची मुभा दिली. परंतु ‘सद्यःस्थितीत’ या शब्दातच सरकारला धोका दिसला व तो सर्वस्वी काल्पनिक नव्हता.

दरम्यान विल्यम ॲलनने १५६८ मध्ये डूए येथे स्थापिलेल्या विद्यालयातून इंग्रज धर्मगुरू गुप्तपणे स्वदेशी येऊ लागले. १५७५ मध्ये रोम येथे जेझुइट संघात प्रवेश करून १५७९ मध्ये गोव्यास आलेला ख्रिस्तपुराणकार टॉमस स्टीफन्स हाही याच पिढीतील इंग्रज कॅथलिक होय. १५८० मध्ये इंग्लंडला परतलेल्या एडमंड कॅम्पियन या जेझुइटाने आपले कार्य केवळ धार्मिक असल्याचे सांगितले. तरीही १ डिसेंबर १५८१ रोजी त्यास राजद्रोही म्हणून फाशी देण्यात आले. चर्चमधील अनुपस्थितीचा दंड त्याच वर्षी महिन्यास २० पौंडांवर गेला. १५८५ पासून परदेशी दीक्षा घेतलेल्या धर्मगुरूचे इंग्लंडमधील वास्तव्यच राजद्रोह ठरले. यॉर्कमध्ये धर्मगुरूंना आसरा देणाऱ्या मार्गारेट क्लिदरो हिने न्यायालयापुढे आपली बाजू मांडण्यास नकार दिला, तेव्हा १५८६ मध्ये तिला वजनाखाली चिरडून मारण्यात आले.

रिडॉल्फी (१५७१), थ्रॉकमॉर्टन (१५८३) व बॅबिंग्टन (१५८६) यांच्या कटांमुळे सरकारचा संशय बळावला आणि १५८७ मध्ये मेरीचा शिरच्छेद झाला. १५८८ मध्ये स्पॅनिश आरमार चालून आले, तेव्हा ॲलनने उठावाचे आवाहन सिद्ध केले होते; पण इंग्रज कॅथलिकांनी उठाव केला नाही. तथापि आरमार परतल्यावर ऑगस्टअखेरीस लंडनमध्ये अनेक धर्मगुरू व त्यांचे साहाय्यक यांना फासावर चढविण्यात आले.