टंगस्टन डायसल्फाइडच्या नॅनोनलिका

टंगस्टन डायसल्फाइडचे सपाट थर वाकून बनणाऱ्या अतिसूक्ष्म, पोकळ नळ्यांना टंगस्टन डायसल्फाइडच्या नॅनोनलिका म्हणतात. १९९२ मध्ये इस्रायलमधील वाइझमन विज्ञान संस्थेत रेशेफ टेने व सहकाऱ्यांना त्या आढळल्या. अशी वळणे ही केवळ कार्बनची मक्तेदारी नव्हे, हे त्यामुळे सिद्ध झाले.

थराच्या आतील अणूंचे बंध पूर्ण असतात; कडेच्या अणूंचे अपुरे राहतात. थर जितका लहान, तितके कडेच्या अणूंचे प्रमाण अधिक. वाकण्यात ऊर्जा खर्ची पडते खरी, परंतु कडा जुळल्याने त्याहून अधिक ऊर्जा वाचते. म्हणून थर मिटतो. क्रायसोटाइल या ॲस्बेस्टॉस खनिजाचे थर मात्र निराळ्या कारणाने गुंडाळले जातात, त्यांच्या दोन बाजूंची मापेच जुळत नाहीत.

टंगस्टन डायसल्फाइडचे असेच बंदिस्त, गोलसर कण वंगणात मिसळल्यास घर्षण घटते.