मजल्यांत न मोजलेला माळा

घराचे वर्णन करताना मनुष्य मजले सांगतो. माळा सांगत नाही. कोकणातील कौलारू घर असो की पुण्यातील जुना वाडा असो, आढ्याखालची ती काळोखी जागा अडगळीची, लाकूडफाट्याची, जुन्या पाळण्याची. परंतु जागेची टंचाई पडली म्हणजे घरमालकाची दृष्टी प्रथम छपराकडेच वळते; आणि छपराला हात लागला की आगीचे भय, शेजाऱ्याचा उजेड व रस्त्याची शोभा हे तीन प्रश्न एकदम उभे राहतात. या तीन प्रश्नांना लंडन शहराने साडेतीनशे वर्षांत जी उत्तरे दिली, त्यांचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

१६६६ च्या सप्टेंबरात लंडनला जी प्रचंड आग लागली तिने सुमारे १३,००० घरे भस्मसात केली. घरे लाकडाची, गल्ल्या अरुंद आणि वरचे मजले रस्त्यावर पुढे आलेले. त्यामुळे एका घराची ज्वाळा समोरच्या घरास सहज पोहोचे. पुढल्याच वर्षी, १६६७ साली, पार्लमेंटने शहराच्या पुनर्रचनेचा कायदा केला. भिंती विटांच्या अगर दगडांच्या असाव्यात असे ठरले, आणि घरांचे चार वर्ग पाडण्यात आले. लहान गल्लीत दोन मजले, नावाजलेल्या रस्त्यांवर तीन, राजमार्गांवर चार; मोठ्या धनिकांच्या स्वतंत्र हवेल्यांनाही चारांहून अधिक मजले चढविण्याची मुभा नव्हती. हे मजले मोजावयाचे ते मात्र तळघर व माळा सोडून. या एका सवलतीने माळ्याचे भवितव्य ठरून गेले. कायद्याच्या लेखी घर तीन मजल्यांचे. राहणाऱ्यांच्या लेखी ते पाच मजल्यांचे.

या न मोजलेल्या जागेत राहत कोण होते? सधन घरांतून मोलकरणी व नोकर. भाड्याच्या घरांतून शिवणकाम करणाऱ्या बायका, नकलनवीस आणि नशीब काढावयास आलेले तरुण लेखक. वर जावे तसतसे भाडे कमी होई. टॉमस चॅटर्टन हा कवी १७७० साली लंडनच्या हॉबर्न भागातील अशाच एका माळ्यावर, वयाच्या अवघ्या सतराव्या वर्षी, मरण पावला. आणि तेव्हापासून माळा व दरिद्री कवी यांची जोडी इंग्रजी मनात कायमची जुळून गेली. स्पिटलफील्ड्समधील रेशीम विणणाऱ्यांचे माळे मात्र निराळे होते. फ्रान्समधून धर्मच्छळामुळे परागंदा झालेल्या ह्यूगेनॉट कारागिरांनी हा धंदा तेथे भरभराटीस आणला. मागावरील बारीक धागा दिसावा म्हणून तेथील माळ्यांना या टोकापासून त्या टोकापर्यंत लांबच लांब खिडक्या ठेवलेल्या असत. तेथे माळा हे अडगळीचे स्थान नसून घराचे उपजीविकेचे साधन होते.

अठराव्या शतकात कायद्याची दृष्टी पुन्हा आगीकडे गेली. १७०७ च्या कायद्याने छपराच्या पुढे आलेल्या लाकडी वळचणींना बंदी केली आणि दर्शनी भिंत माळ्याच्या जमिनीपासून अडीच फूट वर न्यावी असे फर्माविले. त्यायोगे छप्पर विटांच्या कठड्यामागे दडले. लंडनच्या जुन्या घरांच्या रांगा रस्त्यावरून पाहिल्या असता सपाट माथ्याच्या भासतात, त्याचे मूळ या अडीच फुटांत आहे. आगीसाठी केलेला नियम शहराचे रूप ठरवून गेला; आणि पुढे त्या रूपाचेच रक्षण करणे हा एक नवा नियम झाला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रश्न उंचीचा आणि उजेडाचा झाला. १८९४ च्या लंडन इमारत कायद्याने इमारतीची उंची ८० फुटांवर रोखली. पण छपरात बसविलेले दोन मजले या मोजणीतून पुन्हा वगळले! सव्वादोनशे वर्षांपूर्वीची सवलत अशी दुप्पट झाली. मात्र याच कायद्याने राहत्या घरांच्या मागील बाजूस एक नवे माप आणले. मागच्या मोकळ्या जागेच्या कडेपासून साडेत्रेसष्ट अंशांची तिरपी रेषा कल्पावी आणि घराने ती ओलांडू नये. या कोनाचे मर्म साधे आहे : मोकळी जागा जितकी रुंद, तिच्या दुपटीपर्यंतच उंची.

या रेषेचा मुंबईशीही संबंध आहे. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टपुढे अंधाऱ्या चाळींचा प्रश्न होता. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी हाच साडेत्रेसष्ट अंशांचा कोन हाती धरून, प्रत्येक खोलीस आकाशाचा काही भाग दिसलाच पाहिजे, या तत्त्वाचा आग्रहाने पुरस्कार केला. लंडनमधील छपराचे माप अशा रीतीने मुंबईतील खोलीच्या खिडकीशी येऊन भिडले.

१९४७ च्या नगररचना कायद्याने इंग्लंडात बांधकाम करण्याचा हक्क सरकारी परवानगीच्या अधीन झाला. तो १ जुलै १९४८ पासून अमलात आला. परंतु प्रत्येक लहान फेरफारासाठी अर्ज मागविणे अशक्य; म्हणून काही कामांना सरसकट मोकळीक देण्यात आली. १ ऑक्टोबर २००८ पासून लागू झालेल्या नियमांत माळ्याचे माप स्पष्ट आले. रांगेतील घरास ४० घनमीटर व इतर घरांस ५० घनमीटर एवढी छपरातील वाढ परवानगीवाचून करता येते. पण ती आढ्याहून उंच जाता कामा नये, रस्त्याकडील उतारावर येता कामा नये, आणि बाजूच्या खिडकीची काच अपारदर्शक असली पाहिजे. १९६७ च्या कायद्याने निर्माण झालेल्या संरक्षित वस्त्यांना ही मोकळीक नाही. आढे रस्त्याच्या शोभेसाठी आणि काच शेजाऱ्याच्या एकांतासाठी, असा हा हिशेब आहे.

नगररचनेची परवानगी लागली नाही, तरी बांधकामाचे सुरक्षा नियम सुटत नाहीत. नवा मजला जमिनीपासून साडेचार मीटरांहून उंच असेल, तर वरून थेट बाहेरच्या दारापर्यंतचा जिना आगीपासून सुरक्षित राखावा, असा तेथील सामान्य दंडक आहे. १६६७ च्या कायद्याने एका घराची आग दुसऱ्या घरास लागू नये याची चिंता वाहिली होती. माळ्यावर झोपलेली मोलकरीण खाली कशी उतरेल, हे त्याने विचारले नव्हते. जी जागा मोजली गेली नाही, तीत राहणारेही मोजले गेले नाहीत. म्हणून छपराच्या नियमांकडे पाहताना आढ्याची उंची आणि खिडकीची काच यांबरोबर तो जिनाही पाहावा. माळ्यावर मनुष्य राहतो, ही साधी गोष्ट कायद्याच्या ध्यानी आल्याची खूण त्या जिन्यात आहे.