वर्तमानाचा संग्रह : आल्फ्रेड बार आणि न्यूयॉर्कचे आधुनिक कलासंग्रहालय

संग्रहालयातील अभिरक्षकाचे परंपरागत कार्य म्हणजे काळाने निवडून ठेवलेल्या वस्तूंचे जतन करणे. एखादे शिल्प, नाणे वा लघुचित्र त्याच्या हाती येते तेव्हा ते जतन करण्यायोग्य आहे की नाही याविषयी पूर्वीच्या पिढ्यांनी बहुधा निर्णय दिलेला असतो. अभिरक्षकास त्याचा काल, स्थान व शैली यांचा निश्चय करावयाचा असतो. समकालीन कलेच्या अभिरक्षकाची स्थिती याहून सर्वस्वी भिन्न होय. काळाने द्यावयाचा निर्णय त्यास काळाच्या आधी द्यावा लागतो, आणि तोही एका सार्वजनिक संस्थेच्या नावाने व इतरांच्या द्रव्यबळावर. या व्यवसायाचे स्वरूप ज्या संस्थेत प्रथम स्पष्टपणे घडले, ती न्यूयॉर्क येथील आधुनिक कलासंग्रहालय ही संस्था. आणि तिचे पहिले संचालक आल्फ्रेड बार (१९०२–१९८१) यांची कारकीर्द म्हणजे या व्यवसायातील अंतर्विरोधाचाच इतिहास होय.

ॲबी ऑल्ड्रिच रॉकफेलर, लिली ब्लिस व मेरी क्विन सलिव्हन या तीन महिलांच्या पुढाकाराने हे संग्रहालय नोव्हेंबर १९२९ मध्ये, अमेरिकेतील शेअरबाजार कोसळल्यानंतर थोड्याच दिवसांत, एका कार्यालयीन इमारतीच्या बाराव्या मजल्यावर सुरू झाले. हार्वर्डचे प्राध्यापक पॉल सॅक्स यांच्या शिफारशीवरून संचालकपदी नेमले गेलेले बार त्या वेळी अवघ्या २७ वर्षांचे होते. पहिले प्रदर्शन सेझान, गोगँ, सरा व व्हॅन गॉग या चौघांचे होते. या चौघांपैकी सर्वांत शेवटी निवर्तलेले सेझान यांच्या मृत्यूसही (१९०६) तेव्हा २३ वर्षे लोटली होती. म्हणजे ‘आधुनिक’ या नावाने उघडलेल्या संस्थेचा आरंभ दिवंगतांच्या चित्रांनीच झाला. वर्तमानास आधार म्हणून नजीकचा भूतकाळ लागतो, ही गोष्ट या आरंभातच सूचित होते.

प्रारंभी संस्थापकांपुढे पॅरिसच्या लक्झेंबर्ग संग्रहालयाचा आदर्श होता. तेथे हयात कलावंतांच्या कृती ठेवल्या जात आणि कलावंताच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी त्यांपैकी निवडक कृती लूव्र संग्रहालयाकडे जात. बार यांनी १९३३ च्या आपल्या अहवालात हीच कल्पना एका आकृतीच्या द्वारे मांडली. संग्रह हा काळातून पुढे सरकणाऱ्या पाणतीराप्रमाणे असावा. त्याचे टोक वर्तमानाबरोबर सतत पुढे जावे आणि त्याचे शेपूट पन्नास ते शंभर वर्षांपूर्वीच्या काळातून मागे मागे सुटत जावे, असा तिचा आशय होता. या कल्पनेचा व्यावहारिक अर्थ फार कठोर होता. नवे घ्यावयाचे तर जुने सोडले पाहिजे. आणि जुने म्हणजे नेमके तेच, ज्याचे मूल्य सर्वमान्य झाले आहे.

हे केवळ तत्त्व राहिले नाही. लिली ब्लिस १९३१ मध्ये निवर्तल्या. त्यांच्या मृत्युपत्रानुसार १९३४ मध्ये संग्रहालयास लाभलेल्या कृतींपैकी बऱ्याच विकण्याची वा बदलण्याची मुभा संस्थेस होती. या मुभेचा उपयोग करून द्गा यांचे घोड्यांच्या शर्यतीचे एक चित्र देण्यात आले आणि पिकासो यांचे ‘अव्हिन्याँच्या तरुणी’ हे १९०७ चे चित्र १९३९ मध्ये संग्रहात आले. त्याच्या २८,००० डॉलर किमतीपैकी १८,००० डॉलर द्गा यांच्या चित्रापोटी उभे राहिले होते. आज हा सौदा दूरदर्शीपणाचा वाटतो. तथापि निर्णयाच्या क्षणी एका बाजूस मान्यता पावलेली कृती आणि दुसऱ्या बाजूस विवाद्य कृती अशी ही तुला होती, हे विसरता कामा नये.

बार यांचे प्रदर्शनतंत्रही अभ्यसनीय आहे. फिकट रंगाच्या साध्या कापडाने मढविलेल्या भिंतींवर चित्रे एकाखाली एक न टांगता डोळ्यांच्या पातळीवर, अंतर ठेवून, एका ओळीत लावावयाची व सोबत माहितीचे फलक द्यावयाचे, ही आज सर्वपरिचित झालेली पद्धती रूढ करण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. १९३६ मधील घनवाद व अमूर्त कला यांवरील प्रदर्शनासाठी त्यांनी आधुनिक संप्रदायांची वंशावळच आकृतीरूपाने सिद्ध केली. त्याच प्रदर्शनासाठी परदेशातून आणलेली १९ शिल्पे अमेरिकेच्या जकात खात्याने कलाकृती म्हणून स्वीकारण्यास नकार दिला. कारण नियमानुसार शिल्पात निसर्गातील आकाराचे अनुकरण असणे आवश्यक होते. कलेची व्याख्या कोणी करावयाची, हा प्रश्न अभिरक्षकास सौंदर्यशास्त्राच्या ग्रंथांतच नव्हे, तर बंदरावरही भेटतो, हे यावरून दिसून येते.

हा प्रश्न संस्थेच्या आतही होताच. जो मिलोन या बूटपॉलिश करणाऱ्या मनुष्याने स्वहस्ते सजविलेली बैठक डिसेंबर १९४२ मध्ये प्रदर्शित झाली, व १९४३ मध्ये मॉरिस हिर्शफील्ड या स्वयंशिक्षित चित्रकाराचे प्रदर्शन भरले. विश्वस्तमंडळ यामुळे अस्वस्थ झाले. बार यांच्या हातून अपेक्षित लेखन होत नाही, अशीही तक्रार होती. परिणामी मंडळाचे अध्यक्ष स्टीफन क्लार्क यांनी १९४३ मध्ये त्यांना संचालकपदावरून दूर केले. निम्म्या वेतनावर राहावयाचे की संस्था सोडावयाची, हा प्रश्न उभा राहिला. बार यांनी संस्था सोडली नाही. ग्रंथालयात बसून त्यांनी पिकासो यांच्यावरील ग्रंथ (१९४६) पुरा केला. १९४७ मध्ये ते संग्रहविभागाचे प्रमुख झाले व १९६७ मध्ये निवृत्त होईपर्यंत संग्रहाची दिशा प्रामुख्याने त्यांनीच ठरविली.

पाणतीराच्या कल्पनेची कसोटीही याच काळात लागली. १९४७ च्या करारान्वये संग्रहालयाने आपल्या ‘अभिजात’ ठरलेल्या कृती मेट्रोपॉलिटन संग्रहालयास विकावयाच्या होत्या. परंतु ज्या कृतींवर संस्थेची प्रतिष्ठा उभी होती त्या हातातून जाणार, हे प्रत्यक्षात उमगू लागताच धोरण पालटले आणि १९५३ मध्ये श्रेष्ठ कृतींचा कायम संग्रह ठेवण्याचे ठरले. तात्पर्य, शेपूट सुटले नाही. वर्तमानाचे संग्रहालय इतिहासाचेही संग्रहालय झाले.

तरीही टोक पुढे सरकत राहिले. १९५८ मध्ये जॅस्पर जॉन्स या तरुण चित्रकाराच्या पहिल्या स्वतंत्र प्रदर्शनातून बार यांनी संग्रहालयासाठी तीन कृती घेतल्या. अमेरिकेचा राष्ट्रध्वज हाच विषय असलेले चौथे चित्र मात्र विश्वस्तांना रुचणार नाही, हे ओळखून त्यांनी वास्तुविशारद फिलिप जॉन्सन यांना ते विकत घेण्यास सुचविले. जॉन्सन यांनी ते १९७३ मध्ये, बार यांच्या सन्मानार्थ, संग्रहालयास अर्पण केले. अभिरक्षकाची दृष्टी व संस्थेची तयारी यांतील अंतर येथे पंधरा वर्षांचे ठरले.

बार यांच्या निवडीस मर्यादाही होत्या. त्यांची वंशावळ मुख्यतः युरोपीय होती व पॅरिस हे तिचे केंद्र होते. २०१९ मध्ये संग्रहालयाने आपल्या दालनांची पुनर्रचना केली, तेव्हा पिकासो यांच्या त्याच चित्राजवळ फेथ रिंगगोल्ड या कृष्णवर्णीय चित्रकर्तीचे १९६७ मधील भव्य चित्र लावण्यात आले. बार निवृत्त झाले त्या वर्षी रंगविलेल्या या चित्रास संग्रहात येण्यास सुमारे अर्धशतक लागले होते. यावरून बार यांचे श्रेय कमी होत नाही. समकालीन कलेच्या अभिरक्षकाची निवड हाच पुढे इतिहासाचा पुरावा होतो, आणि त्याने जे घेतले नाही तेही त्या पुराव्याचाच भाग असते. म्हणून अशा संग्रहाचा अभ्यास करताना भिंतीवरील चित्रांइतकेच खरेदीच्या नोंदी, विक्रीच्या याद्या व विश्वस्तमंडळाची इतिवृत्ते यांकडे लक्ष देणे अभ्यासकास अपरिहार्य ठरते.