कळ, तार आणि ठिणगी

बेळगावच्या उद्यमबागेत पोलादाचा जाड पत्रा कापला जात असताना निळसर, झगझगीत अशी जी रेघ दिसते, ती साधी ज्वाला नव्हे. विजेच्या उष्णतेने वायूचे कण विद्युत्भारित झाले, की तो वायू स्वतःच वीजवाहक बनतो. १९२८ साली अर्व्हिंग लँगम्यूर या अमेरिकन शास्त्रज्ञाने या अवस्थेस ‘प्लाझ्मा’ हे नाव दिले. तिच्या साहाय्याने धातू कापण्याच्या तंत्राचे पेटंट रॉबर्ट गेज यांना १९५७ साली मिळाले.

धातूशी झुंजण्याची बेळगावची परंपरा मात्र याहून जुनी आहे. गुर्लहोसूरचे लक्ष्मणराव किर्लोस्कर व त्यांचे बंधू रामुअण्णा यांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले. पुढे तेथेच कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर तयार होऊ लागले. परंतु लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिले नांगर खपावयास दोन वर्षे लागली. केवळ लोखंडावर हातोडा चालवून ही अडचण दूर होणारी नव्हती. ती यंत्रात नसून मनात होती. १९१० साली हा कारखाना कुंडलच्या माळावर गेला व किर्लोस्करवाडी वसली. उपाय करण्यापूर्वी अडथळा नेमका कोठे आहे हे पाहावे, हा धडा मात्र बेळगावने विसरू नये.

तो धडा आजच्या कटाई यंत्रासही लागू पडतो. निपाणीच्या बाजूस ऊसवाहतुकीच्या ट्रॉल्यांचे काम अंगावर असावे, यंत्राचा दिवा लागलेला असावा, हवेचा दाबही पुरेसा असावा, आणि टॉर्चची कळ दाबूनही ठिणगी पडू नये, म्हणजे कारागीर घाबरा होतो. ‘आतला बोर्ड गेला’ असा निर्णय तत्काळ दिला जातो, आणि हजारो रुपये खर्चूनही यंत्र मुकेच राहते.

वस्तुतः कापण्याचा प्रचंड प्रवाह त्या कळीतून वाहतच नाही. कळ केवळ हुकूम देते. हा हुकूम दोन बारीक तारांवाटे नियंत्रक बोर्डापर्यंत जातो. मग हवेची झडप उघडते, टॉर्चमधील इलेक्ट्रोड व नोझल यांच्यात लहान ज्योत पेटते, आणि ती पत्र्यावर उतरते. म्हणून प्रथम कान द्यावा. कळ दाबताच हवा सुटली, तर हुकूम पोहोचला आहे. कळ निर्दोष असून दोष पुढे, म्हणजे झिजलेल्या इलेक्ट्रोडमध्ये वा ज्योत पेटविणाऱ्या भागात शोधावा. हवा सुटलीच नाही, तर शोध कळीपासून सुरू करावा. टॉर्चचे टोपण सैल असले तरी अनेक यंत्रे सुरक्षेसाठी थांबतात. ते घट्ट बसवून पाहावे. त्याचे संरक्षण तारेने बगल देऊन मोडू नये, कारण तेथे प्राणाशी गाठ असते.

त्यानंतर यंत्राची वीज पूर्णपणे तोडावी आणि आतील कपॅसिटर रिकामे होण्यास निर्मात्याने सांगितलेला अवधी द्यावा. टॉर्च यंत्रापासून सोडवून कळीच्या दोन तारांवर मीटर लावावे. कळ मोकळी असता मंडल खुले दिसले पाहिजे. दाबताच रोध जवळजवळ शून्यावर आला पाहिजे. तो येत नसेल, तर कळ बिघडली आहे किंवा तार तुटली आहे. केबल वाकविताच मीटरचा आकडा नाचू लागला, तर तार बहुधा मुठीजवळ, जेथे ती रोज मुरडते तेथे, तुटलेली असते. अशा वेळी दुरुस्ती थोड्या खर्चात होते. कळ व तार दोन्ही ठीक ठरल्या, तरच बोर्डाकडे संशयाने पाहावे.

हा क्रम पाळण्यास घटकाभर वेळ लागतो. तो वाचविण्याच्या नादात लहान कारखानदार आपली महिन्याची कमाई घालवून बसतो. नांगराच्या काळी अडथळा लोखंडात नव्हता, तसाच आजही तो बोर्डात असेलच असे नाही. यंत्र मुके झाले तरी ते खोटे बोलत नाही. विचारणाऱ्याने प्रश्न मात्र क्रमाने विचारले पाहिजेत.